‘विंटर चेकअप’ पॅकेज: हिरव्या टिका भरपूर, आकडा एकही नाही

हिवाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की सर्व्हिस सेंटरांचे मेसेज सुरू होतात. विंटर चेकअप, तीस किंवा चाळीस पॉइंट, वर गाडी धुऊन मिळणार. तासाभरात गाडी परत येते आणि हातात एक कागद पडतो. त्यावर ओळीने हिरव्या टिका. बॅटरी ओके, टायर ओके, कूलंट ओके. अख्ख्या कागदावर आकडा मात्र एकही नाही, आणि या पॅकेजबद्दल आमची मुख्य तक्रार हीच आहे. ‘ओके’ कशाला म्हटलं? तर उबदार वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीला. पाच माणसं, गच्च भरलेली डिकी आणि पहाटेचं शून्याखालचं तापमान हा प्रश्न त्या कागदाने विचारलेलाच नसतो.

म्हणून पॅकेज घेऊच नये असं नाही. बॅटरीची लोड टेस्ट (भार टाकून घेतलेली चाचणी), रिफ्रॅक्टोमीटरवर कूलंटची म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची तपासणी आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणं, ही तीन कामं घरी नीट होत नाहीत. त्यांच्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही. बाकीच्या बहुतेक टिका हवेचा गेज, मल्टिमीटर आणि एक मोकळी सकाळ एवढ्यात घरीच होतात. काहीही असो, सहलीला निघायच्या दोन-तीन आठवडे आधी गाडी दाखवा. आदल्या दिवशी बॅटरी ‘गेली’ असं कळलं, तर जी मिळेल ती बसवावी लागते.

बॅटरीवर थंडीचा मार दोन्ही बाजूंनी पडतो. आतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणून करंट कमी मिळतो, आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला करंट लागतो मात्र जास्त. उणे 18 अंशांना चांगल्या बॅटरीचीही ताकद साधारण निम्म्यावर येते. गंमत अशी की खरं नुकसान उन्हाळ्याच्या उष्णतेत आधीच होऊन गेलेलं असतं, थंडी फक्त ते उघडं पाडते.

वर्कशॉपमध्ये नेमकी इथेच फसगत होते. गाडी नुकतीच चालवत आणलेली असते, अल्टरनेटरने (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राने) चढवलेला वरवरचा चार्ज मीटरवर 12.7 व्होल्ट दाखवतो आणि टीक पडते. खरा आकडा रात्रभर उभ्या गाडीवरच मिळतो. तेवढा वेळ नसेल तर इंजिन बंद ठेवून हेडलाइट दोन मिनिटं लावावेत, मग बंद करून काही मिनिटांनी मोजावं. 12.6 किंवा वर म्हणजे पूर्ण चार्ज, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे निम्मा. त्यानंतर मीटरच्या पिना टर्मिनलवर तशाच धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा धाडकन खाली जातो आणि इंजिन पेटलं की वर उसळतो. बघायचा असतो तो त्या मधल्या क्षणाचा आकडा. साडेदहाच्या आसपास थांबला तर निश्चिंत राहा. 9.6 च्या खाली गेला तर तशा बॅटरीवर कुटुंबाला घेऊन थंड प्रदेशात जाऊ नये. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसायला हवं. स्मार्ट चार्जिंग असलेल्या गाड्यांत हा आकडा खालीवर होतो, तिकडे घाबरायचं कारण नाही.

सेंटरकडे टेस्टर असतो आणि तो छापील स्लिप देतो. ती मागून घ्या. स्लिपवर कोल्ड क्रँकिंगचे अँपिअर, म्हणजे थंडीत सेल्फला बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा असतो, तो बॅटरीवरच्या लेबलशी ताडून बघायचा. लेबलवर 500 आणि स्लिपवर 320 असेल, तर खाली ‘गुड’ छापलेलं असलं तरी विचारपूस करा. टेस्टरमध्ये बॅटरीचा प्रकार किंवा रेटिंग चुकीचं भरलं की निकालही चुकतो, आणि घाईच्या दिवसांत हे सर्रास होतं. स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत एजीएम किंवा ईएफबी प्रकारची बॅटरी असते. तिच्या जागी साधी बसवली तर ती लवकरच मान टाकते. काही गाड्यांत नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरला ‘ओळख’ करून द्यावी लागते, तेही बिलात झालंय का ते बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी निगेटिव्ह केबल काढायची, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने साफ करायचं आणि क्लँप हाताने फिरणार नाही इतका घट्ट करायचा. ‘बॅटरी गेली’ म्हणून येणाऱ्या काही गाड्यांचं दुखणं एवढंच असतं.

टायरच्या रकान्यातली टीक त्याहून फसवी. वर्कशॉपमध्ये 25 अंश तापमानात 33 पीएसआय हवा भरली आणि गाडी शून्य अंशांत रात्रभर उभी राहिली, तर सकाळी गेज 29 च्या आसपास दाखवेल. गळती कुठेच नाही, हवा फक्त आकसली. ढोबळ हिशोब असा की दर 5 ते 6 अंशांच्या घसरणीला 1 पीएसआय जातो. डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा यात कामी येत नाही. बऱ्याच गाड्यांत तो हवा 20 ते 25 टक्के कमी झाल्यावरच लागतो. मुक्कामी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, गेज लावून मोजणं हाच उपाय. म्हणून गेज आणि 12 व्होल्टचा छोटा पंप सोबत हवा.

किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआत स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि तिथे बहुतेक वेळा दोन आकडे असतात. एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. सहलीला दुसरा धरायचा. हवा भरणारा सवयीने पहिलाच भरतो, त्यामुळे आपणच सांगावं लागतं. टायरच्या भिंतीवर ‘मॅक्स’ म्हणून छापलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो.

टायरच्या नक्षीची खोली अनेक देशांत कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर लागते. ओल्या आणि बर्फाळ रस्त्यासाठी तेवढ्यावर भागत नाही, 4 च्या खाली गेलेला टायर बर्फात पकड सोडायला लागतो. मोजताना आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती, मध्य झिजला असेल तर जास्त, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलंय. आतली कड स्टिअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय दिसत नाही, आणि हमखास तीच गुळगुळीत झालेली असते. टायरचं वय भिंतीवरच्या चार अंकांत असतं: 3521 म्हणजे 2021 सालचा 35 वा आठवडा. बर्फाच्या रस्त्यावर जायचं असेल तर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं ‘एम अधिक एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं ही उत्पादकाची स्वतःची ग्वाही असते, चिन्हाचा टायर मात्र बर्फावरच्या चाचणीतून गेलेला असतो. विंटर टायर बसवायचे तर चारही बसवा. दोनच बसवले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं सुटतं.

कूलंटची टीक टाकीतली पातळी बघून पडते. पातळीवरून गोठणबिंदू कळत नाही. मध्ये कधीतरी साधं पाणी ओतून ‘टॉप-अप’ केलं असेल तर पातळी छान दिसते, पण मिश्रण पातळ झालेलं असतं. रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे पेनाएवढी छोटी दुर्बीणच. थंड इंजिनच्या टाकीतला एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं. वर निळा भाग, खाली पांढरा, आणि दोघांच्या मधली रेघ जिथे पट्टीला टेकते तो गोठणबिंदू. काम अर्ध्या मिनिटाचं, तरी सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असेल तर रेघ उणे 37 च्या आसपास येते. ‘जास्त घाला, जास्त सुरक्षित’ हे इथे चालत नाही. निव्वळ ग्लायकॉल उणे 13 च्या जवळच गोठतं. रंगावरही जाऊ नका, रंग ही कंपनीची मर्जी असते. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घालायचा.

काच धुण्याच्या पाण्याचं तर चेकअपमध्ये नावच ऐकू येत नाही. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, त्यात टाकी किंवा पंप फुटतो. थंडीसाठीचा वॉशर फ्लुइड जुन्या पाण्यात मिसळून भागत नाही. जुनं संपवायचं, नवं भरायचं आणि जेटमधून नवं येईपर्यंत पंप चालवायचा, कारण आधी गोठतं ते नळीत उरलेलं पाणी. वायपरची पाती काचेवर फराटे ओढत असतील तर बदला. पाती काचेला चिकटून गोठली असताना वायपर चालू केला तर रबर फाटतं किंवा मोटरचा फ्यूज उडतो. म्हणून रात्री गाडी बंद करताना वायपरचा स्विच बंद आहे ना ते पाहायचं. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतणं म्हणजे काच तडकवायला निमंत्रण.

काच आतून धुरकट होते तेव्हा बरेचजण हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबून ठेवतात. पाच जणांच्या श्वासातली वाफ मग बाहेर जाणार कुठून? बाहेरची हवा घ्यायची, हीटरसोबत एसीही लावायचा, एसी हवेतला ओलावा काढून घेतो. केबिन फिल्टर तुंबलेला असेल तर हे सगळं अर्धवटच होतं. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि कुठलाही पाना न लावता निघतो.

ब्रेकसाठी मात्र गाडी लिफ्टवर जाऊ द्या. पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मागा, रबरी होज चिरलेत का ते बघायला सांगा. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. डॉट 4 या प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान 230 अंश, ओलावा शोषल्यावर 155 वर येऊ शकतो. लांब घाटउतारावर भरलेली गाडी सतत ब्रेकवर आणली तर हा फरक पायाखाली जाणवतो.

डिझेल गाडीवाल्यांना एक वेगळी सूचना. अतिथंडीत डिझेलमधलं मेण साकळतं आणि फिल्टर तुंबतो. थंड भागात पोचल्यावर तिथलं हिवाळी डिझेल भरा, घरची पूर्ण टाकी घेऊन जाऊ नका. रॉकेल मिसळायचा जुना उपाय कॉमन रेलच्या, म्हणजे आजच्या डिझेल इंजिनांतल्या उच्च दाबाच्या पंपाला महाग पडतो.

पॅकेजसोबत गळ्यात घातल्या जाणाऱ्या जादा कामांकडे आम्ही संशयानेच पाहतो. टायरमध्ये नायट्रोजन भरून थंडीतली घट टळत नाही, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि दोन्ही सारखेच आकसतात. मॅन्युअलमध्ये नसलेलं इंजिन फ्लश नको. ऑइल मात्र मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच हवं. ग्रेडमधल्या ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, त्यामुळे 15डब्ल्यूच्या जागी 5डब्ल्यू पहाटेच्या सेल्फला हलकं पडतं, पण मॅन्युअलची परवानगी असेल तरच.

आणि पॅकेजच्या कागदावर न येणारी स्टेपनी! बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यात बहुधा 60 पीएसआय हवा लागते आणि तिच्यावर ताशी 80 किलोमीटरच्या वर जायचं नसतं. ती सहसा डिकीच्या तळाशी असते, म्हणून जॅक, टॉमी आणि लॉक नटची चावी सामान भरायच्या आधीच बाहेर काढून वर ठेवा. जड बॅगा खाली, मागच्या सीटला टेकवून. छतावरच्या कॅरिअरची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते आणि तीत रॅकचं वजनही धरलेलं असतं. डिकी भरली की गाडीचं नाक वर येतं, तेव्हा हेडलाइटची छोटी चकती फिरवून झोत खाली आणा. मुलांना जाड जॅकेटसकट चाइल्ड सीटमध्ये बांधू नका. जॅकेट धक्क्यात दबतं आणि पट्टा सैल पडतो. पट्टा अंगासरशी बांधून जॅकेट वरून पांघरा.

टायर बदलले किंवा चाकं काढली असतील तर नट टॉर्क रेंचने आवळले का, हे विचारा. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बहुतेक कुटुंबाच्या गाड्यांत 90 ते 120 न्यूटन-मीटर. आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालवल्यावर नट पुन्हा तपासा. पॅकेज दोन-तीन आठवडे आधी केलेलं असेल, तर हे किलोमीटर घराजवळच भरतात.