अमेरिकेने मैल-पाउंड सोडावेत का? भारत, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि कॅनडाचे अनुभव शेजारी शेजारी ठेवून

अमेरिकेने मेट्रिक पद्धत स्वीकारावी का, या प्रश्नाचं कायद्यापुरतं उत्तर कधीच देऊन झालं आहे. १८६६ साली तिथल्या काँग्रेसने मेट्रिक मापांना कायदेशीर मान्यता दिली. १८७५ च्या मीटर करारावर सही करणाऱ्या पहिल्या देशांत अमेरिका होती. १८९३ पासून तिथला पाउंड किलोग्रॅमवरून आणि यार्ड मीटरवरून ठरवला जातो. १९५९ च्या करारानंतर तर १ यार्ड म्हणजे नेमका ०.९१४४ मीटर आणि १ पाउंड म्हणजे नेमका ०.४५३५९२३७ किलो. १९८८ च्या कायद्याने व्यापार-उदिमासाठी मेट्रिक हीच पसंतीची पद्धत ठरली.

तेव्हा ठरवायचं उरतं ते एवढंच, की रोजच्या व्यवहारातली दुसरी पद्धत काढून टाकायची की दोन्ही कायम चालू द्यायच्या. तिथे मतदानाचा हक्क मिळालेली, मुलांना शाळेत घालणारी, दवाखान्यांत आणि कारखान्यांत काम करणारी बरीच मराठी माणसं आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही. माझं मत आधीच सांगते: दुसरी पद्धत काढावी. पण त्यासाठी जी कारणं सहसा दिली जातात त्यातली निम्मी अमेरिकेला लागूच पडत नाहीत, आणि ज्या रीतीने तिथे बदल करायचा प्रयत्न झाला ती रीत पुन्हा वापरली तर हात हलवत परत यावं लागेल.

भारताचं उदाहरण, आणि ते कुठे कमी पडतं

आपल्याकडे बदल झाला तेव्हा सगळ्यात मोठा लाभ गरीब गिऱ्हाइकाला झाला. मुंबई मण २८ पाउंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोंचा. बंगाली मण ८२ पाउंडांहून थोडा जास्त, म्हणजे ३७ किलोंच्या पुढे. दोन्ही मणच, पण एक दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट. गावाकडे धान्य तर मापानेच विकलं जायचं: निपटं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. एका मुलखाची पायली दुसऱ्या मुलखातल्या पायलीशी जुळेल याची खात्री नसायची, आणि तो फरक कुणाच्या खिशात जायचा हे सांगायला नको. हिशेबाला रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. पोरांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि थेट औटकीपर्यंत पाठांतर, कारण त्याशिवाय बाजारात कुणी ठकवलं तर कळलंही नसतं.

बदलाचा क्रमही शहाणपणाचा होता. आधी नाणं: १९५५ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे. मग वजनं-मापं: १९५६ चा कायदा, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने अंमल, आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत बाजारातली वजनं मेट्रिक करण्याची सक्ती. शंभराचा हिशेब लोकांच्या हातात नाण्यांतून आधीच रुळला होता, किलो त्याच्या मागोमाग आला.

आता अमेरिका पाहा. तिथला डॉलर १७९२ पासूनच दशमान आहे. पाउंड मेन राज्यात जेवढा, तेवढाच टेक्ससमध्ये. काटा फसवत असेल तर त्याला पकडायला सरकारी यंत्रणा आहे. म्हणजे भारताला जो सर्वांत मोठा फायदा मिळाला, गावोगावच्या मापांचा गोंधळ संपण्याचा, तो अमेरिकेला मिळणारच नाही. ‘भारताला गरीब असताना जमलं, तुम्हाला का जमत नाही’ हा युक्तिवाद ऐकायला जोरदार वाटतो, पण भारतावर बदलण्याची जेवढी निकड होती तेवढी अमेरिकेवर नाही. ज्यांना हा मुद्दा तिथल्या माणसांना पटवायचा आहे त्यांनी एवढं आधी कबूल करावं, मग पुढचं बोलणं प्रामाणिक होईल.

ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन: एकाच घराण्याची मापं, दोन वेगळे शेवट

माझ्या मते निर्णय करणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ या तुलनेवर घालवावा. दोन्हीकडे फूट-पाउंडच होते, दोन्ही श्रीमंत, शिकलेले देश, सुरुवातही काही वर्षांच्या अंतराने.

ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये कायदा केला आणि एक मंडळ नेमलं. त्याने उद्योगवार तारखा ठरवल्या. १९७२ मध्ये घोड्यांच्या शर्यती मीटरवर गेल्या आणि हवामानाचा अंदाज सेल्सियसमध्ये आला. १९७४ च्या जुलैत देशभरच्या रस्त्यांवरचे वेगाचे आणि अंतराचे फलक एका महिन्याच्या आत बदलले. बांधकामवाल्यांनी एक हुशारी केली: नकाशांत सेंटिमीटर आणलाच नाही, सगळं मिलिमीटरमध्ये. त्यामुळे दशांशचिन्हच उरलं नाही, आणि चुकीची एक मोठी जागा गेली. १९८१ मध्ये काम संपलं म्हणून मंडळ बंद झालं.

ब्रिटनने १९६५ मध्ये घोषणा केली, १९६९ मध्ये मंडळ नेमलं आणि १९८० मध्ये काम अर्धं असतानाच ते गुंडाळलं. रस्त्यांना हात लावला नाही. सुटा माल मेट्रिकमध्ये विकण्याची सक्ती यायला १ जानेवारी २००० उजाडली. तोवर इतका वेळ गेला होता की पाउंड हा देशाभिमानाचा मुद्दा होऊन बसला. २००१ मध्ये संडरलंडच्या एका फळविक्रेत्याला पाउंडाच्या काट्यावर केळी विकल्याबद्दल कोर्टाने दोषी ठरवलं, आणि तो लोकांच्या नजरेत हुतात्मा झाला. आज तिथे पेट्रोल लिटरने भरतात, अंतर मैलात मोजतात आणि गाडीचं मायलेज मैल प्रति गॅलन सांगतात. गॅलनही त्यांचा वेगळा, ४.५४६ लिटरचा. अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा. आपण दर लिटरला किती अंतर कापतो हे कळायला दोन गुणाकार-भागाकार करावे लागतात. २०२२ मध्ये सरकारने जुनी मापं परत आणण्याबद्दल लोकांची मतं मागवली. एक लाखाहून जास्त उत्तरं आली आणि त्यातली ९८ टक्क्यांहून अधिक मेट्रिकच्याच बाजूची निघाली. म्हणजे बदल अर्धवट राहिला तरी झालेला भाग कुणाला सोडवत नाही.

फरक कशाने पडला? ऑस्ट्रेलियाने प्रत्येक धंद्याला तारीख दिली आणि ती पाळली. ब्रिटनने बरंचसं स्वेच्छेवर सोडलं. स्वेच्छेवर सोडलं की दुकानदार अडतो, कारण किलोचा भाव पाउंडाच्या २.२ पट दिसतो. जो पहिल्यांदा बदलेल तो महाग दिसेल. कॅनडातल्या किराणा दुकानांत आजही पाउंडाचा भाव मोठ्या अक्षरांत आणि किलोचा बारीक अक्षरांत असतो, त्याचं कारण हेच. सगळ्यांनी एकाच दिवशी बदलायचं ठरलं, तरच कुणाचं नुकसान होत नाही.

अमेरिकेने नेमकी ब्रिटनपेक्षाही ढिली वाट धरली. १९७१ मध्ये सरकारी अहवालाने दहा वर्षांच्या ठरावीक कार्यक्रमाची शिफारस केली होती. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्यात मुदत नव्हतीच, सगळं ऐच्छिक. १९८२ मध्ये रेगन सरकारने त्या कायद्याने नेमलेलं मंडळही बंद केलं. त्या प्रयत्नाची खूण म्हणून अ‍ॅरिझोनात टुसॉनहून नोगालेसकडे जाणाऱ्या महामार्गावर किलोमीटरचे फलक उरले.

दोन अपघात, एकच कारण

विरोधक कॅनडाचा दाखला देतात. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमान कंपनीतलं हे नव्या, मेट्रिक हिशेबाचं विमान. २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरचं वजन काढताना ०.८ किलो धरण्याऐवजी सवयीचा १.७७ हा पाउंडाचा आकडा धरला गेला, आणि टाकीत गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं. सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि एकामागोमाग दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत आणून मॅनिटोबातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले.

समर्थक मंगळाचा दाखला देतात. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोहोचतानाच हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर जोराचे आकडे पाउंडात देत होतं, ते वापरणारे न्यूटन (बलाचं मेट्रिक एकक) समजत होते. फरक जवळपास साडेचार पटींचा.

एक बदलामुळे झाला, दुसरा न बदलल्यामुळे, असं दोन्ही बाजू म्हणतात. मला दोन्ही घटनांत एकच गोष्ट दिसते: दोन पद्धती एकाच टेबलावर. बदलाच्या काळात हा धोका काही वर्षं असतो. न बदलणाऱ्या देशात तो कायमचा असतो, कारण विज्ञान, औषधं, लष्कर आणि मोटारउद्योग आधीच मेट्रिकमध्ये गेलेले आहेत आणि घर, रस्ता, वाणसामान मागे राहिलंय.

औषधांचं तर फार गंभीर आहे. लहान मुलाचा डोस त्याच्या वजनाच्या किलोवर ठरतो, पण अमेरिकन आईबाप वजन पाउंडात सांगतात. कुणी पाउंडाचा आकडा किलोच्या रकान्यात लिहिला की डोस दुपटीहून जास्त. चमच्याने पातळ औषध देण्याचे घोळ वेगळेच. म्हणूनच तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये, मुलांच्या पातळ औषधांचं माप फक्त मिलिलिटरमध्ये असावं, असं सांगितलं. घरात लहान मूल असेल तर देशाच्या निर्णयाची वाट न पाहता आजच मिलिलिटरची पिचकारी वापरावी आणि मुलाचं वजन किलोत लिहून ठेवावं.

खर्चाची बाजू

खर्च खरा आहे, तो लपवू नये. अमेरिकेतली घरं लाकडी सांगाड्याची, खांब १६ इंचांवर, प्लायवूड ४ बाय ८ फुटी. ऑस्ट्रेलियाने १२०० बाय २४०० मिलिमीटरचा तक्ता घेतला, तो जुन्यापेक्षा थोडा लहान. नव्या घराला काही फरक पडत नाही, जुन्याची दुरुस्ती करताना पडतो. आपल्याकडेही प्लायवूड अजून आठ बाय चारच मागतात. हे असंच राहिलं तरी बिघडत नाही.

जमिनीलाही हात लावू नये. अमेरिकेचा मध्य-पश्चिम भाग सहा मैल बाजूच्या चौरसांत आणि ६४० एकरांच्या तुकड्यांत मोजून वाटलेला आहे, रस्तेसुद्धा मैलामैलावर. नोंदी हेक्टरात करता येतात, बांध हलवावे लागत नाहीत. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आलं तरी शेतकरी गुंठ्यातच बोलतो, आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक आरच. सराफाचा आजचा तोळाही १० ग्रॅमचाच असतो, जुना ११.६६४ ग्रॅमचा होता. व्यवहार असे आपोआप नव्या मापाला जुळून येतात, त्यांच्यामागे पोलीस लावावे लागत नाहीत.

पाण्याचा हिशेब

मेट्रिकचा खरा लाभ मला पाण्याच्या हिशेबात दिसतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १ हेक्टरवर १० मिलिमीटर म्हणजे १ लाख लिटर. सहावीतलं मूल शेततळ्याचा अंदाज तोंडी काढतं. अमेरिकन शेतकऱ्याला १ एकरावर १ इंच पाऊस म्हणजे २७,१५४ गॅलन, हा आकडा पाठ तरी करावा लागतो किंवा यंत्रात घालावा लागतो.

आणि हे आपणही अर्धं हरवलेलं आहे. आपल्या बातम्यांत पाऊस मिलिमीटरमध्ये, धरण टीएमसीमध्ये (अब्ज घनफूट), विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट). कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी वाचून किती जणांना कळतं की १ टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर? तीच क्षमता सुमारे २,९८० दलघमी (दशलक्ष घनमीटर) लिहिली तर हेक्टर आणि मिलिमीटरशी लगेच जोडता येते. जायकवाडीच्या बातम्यांत दलघमी दिसतंच, ते सगळीकडे यावं असं मला मनापासून वाटतं. पाण्याचं वाटप हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा आणि भांडणाचा विषय आहे, आणि त्यातले आकडे सामान्य माणसाला तपासता आलेच पाहिजेत.

मग काय ठरवायचं

फक्त व्यक्तिगत सोय बघितली तर अमेरिकेत राहणाऱ्याला बदलाची फारशी गरज वाटणार नाही, आणि तसं म्हणणाऱ्याला हट्टी ठरवणं योग्य नाही. पण शाळा, दवाखाना आणि निर्यात बघितली तर दोन पद्धती सांभाळायची किंमत दरवर्षी पडते, बदलायची एकदाच.

बदल करायचाच असेल तर मी हा क्रम धरीन. आधी औषधं आणि रुग्णांची वजनं, तिथे उशीर नको. मग हवामान आणि शाळा. मग किराणा, पण सगळ्या दुकानांना एकच तारीख. रस्ते शेवटी, मात्र एका महिन्यात. आयर्लंडने वेगमर्यादेचे फलक २० जानेवारी २००५ ला किलोमीटरवर नेले, म्हणजे इतक्या उशिरासुद्धा हे जमतं. अमेरिकन फुटबॉलचं मैदान १०० यार्डांचं राहू द्यावं, जमिनीचे जुने दस्त जसेच्या तसे ठेवावेत.

आणि कुणी तारखेशिवाय, ऐच्छिक बदलाचा कायदा पुन्हा पुढे आणला तर त्याला मी विरोध करीन. तो १९७५ मध्ये करून झाला आहे.