आमदारकी: विधानसभा की पदवीधर मतदारसंघ?

एका तरुण कार्यकर्तीला दोन्ही वाटा खुणावताहेत. वयाचं सरळ आहे: विधानसभेला 25 पूर्ण, विधान परिषदेला (पदवीधर मतदारसंघातून निवडून जातात ते वरचं सभागृह) 30. मुदत 5 विरुद्ध 6 वर्षं, आणि परिषद विसर्जित होत नाही.

खरा कस मतदार यादीत लागतो. विधानसभेची यादी तयार मिळते. पदवीधरची दर निवडणुकीला नव्याने बनते. नमुना 18 (मतदार नोंदणीचा अर्ज) आणि पदवीची साक्षांकित प्रत गोळा करण्यातच कार्यकर्ते थकतात. पुणे पदवीधरमध्ये तर पाच जिल्हे! शिवाय मत पसंतिक्रमाचं: नावापुढे 1 आकडा लिहायचा, बरोबरची खूण केली की मत बाद. सुशिक्षितांनाही हे समजावून सांगावं लागतं.

सरकार टिकवणं-पाडणं मात्र विधानसभेच्याच हाती.

तालुक्यात घट्ट संपर्क असेल तर विधानसभा लढवावी. नोकरभरती, परीक्षांचे प्रश्न लावून धरायचे असतील आणि नोंदणीची चिकाटी असेल, तर पदवीधर.