अहवाल आधी कोणाच्या हाती पडतो? सायकल संघांच्या अंतर्गत डोपिंग-विरोधी कार्यक्रमांचे परीक्षण

व्यावसायिक सायकल संघ २००७ च्या सुमारास प्रायोजकांपुढे आणि प्रेक्षकांपुढे एक नवी सेवा मांडू लागले, ती म्हणजे संघाने स्वतःच्या खर्चाने चालवलेला डोपिंग-विरोधी कार्यक्रम. डेन्मार्कच्या सीएससी संघाने हे काम रासमुस डॅम्सगार्ड या तज्ज्ञाकडे सोपवले, अस्ताना संघानेही पुढे त्यांनाच नेमले, तर अमेरिकेच्या स्लिपस्ट्रीमने बाहेरच्या संस्थेकडून आपल्या सायकलपटूंच्या रक्ताच्या आणि लघवीच्या नियमित चाचण्या करवून घेतल्या. मी टूर द फ्रान्स अनेक वर्षे मनापासून पाहत आलो आहे. ही सेवा अखेर माझ्यासारख्या प्रेक्षकाचा विश्वास परत मिळवण्यासाठीच उभी राहिली असल्यामुळे ती त्या कसोटीला उतरते का, हे तपासण्याचा अधिकार मला आहे असे मी मानतो. एका नियमाचा अपवाद सोडला, तर माझ्या मते ती उतरत नाही.

पहिली अडचण पैशाची आहे. ज्याची तपासणी व्हायची, तोच तपासणाऱ्याचे मानधन देतो आणि अहवालही बहुधा त्याच्याच हाती आधी पडतो. तपासणारा कितीही सचोटीचा असला, तरी सायकलपटूच्या रक्तातील आकडे संशयास्पद दिसू लागल्याचे संघाला वेळेवर कळते, आणि प्रामाणिक संघ त्या माहितीचा उपयोग चौकशीसाठी करील, तसा अप्रामाणिक संघ ती सरकारी वा आंतरराष्ट्रीय तपासनीस येण्यापूर्वी सावरासावर करण्यासाठी वापरील. ही भीती काल्पनिक नाही. तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ हे द्रव्य शोधणारी चाचणी उपलब्ध नसताना, १९९७ मध्ये, यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली आणि ती ओलांडणाऱ्याला १५ दिवस शर्यतीबाहेर ठेवण्याचा नियम केला. त्यानंतर रक्त फिरवून हे प्रमाण मोजण्याची छोटी यंत्रे संघांबरोबर हॉटेलांत पोहोचली, आणि जी मर्यादा धाक म्हणून घातली होती, तिच्या जवळ जाऊन थांबायचे कसे, एवढाच प्रश्न अनेकांपुढे उरला. २००८ मध्ये सुरू झालेला जैविक पासपोर्ट, म्हणजे सायकलपटूच्या रक्ताच्या आकड्यांची वेळोवेळी ठेवलेली नोंद, यापेक्षा पुष्कळ सरस आहे, कारण तो सायकलपटूची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या नोंदींशी करतो. परंतु २००८ च्या टूरमध्ये तिसरा आलेला आणि नंतर सेरा या ईपीओच्याच एका प्रकारासाठी पकडला गेलेला बेर्नहार्ड कोल याने पुढच्याच वर्षी सांगितले की, यूसीआयने कळवलेल्या आकड्यांवरून पुढचे आकडे जुळवता येत असल्यामुळे पासपोर्टची एक प्रकारे मदतच झाली.

नमुना घेण्याची वेळ किती नाजूक असते, हेही लक्षात घ्यायला हवे. पासपोर्टसाठी रक्त देण्यापूर्वी सायकलपटूने किमान दहा मिनिटे बसून राहणे आवश्यक असते, कारण उभे राहण्या-बसण्यानेसुद्धा रक्तातील द्रवाचे प्रमाण बदलते. आता १९९८ च्या फाल्केनबुर्ग येथील जागतिक स्पर्धेतला प्रसंग आठवावा. तपासनीस आपली मांडामांड करत असताना अमेरिकेच्या पोस्टल संघाच्या डॉक्टरने पावसाळी कोटाखाली लपवून लिटरभर सलाइन आत नेले आणि रक्त पातळ होऊन तांबड्या पेशींचे प्रमाण कमी दिसावे म्हणून ते लान्स आर्मस्ट्राँगच्या शिरेत सोडले, असे अमेरिकी डोपिंग-विरोधी संस्थेच्या २०१२ च्या अहवालात नोंदले आहे. ते सलाइन नेणारा माणूस संघाचाच डॉक्टर होता, आणि माझ्या शंकेचे मूळ नेमके तेथे आहे.

जर्मनीत तर कुंपणानेच शेत खाल्ले. टेलिकॉम, म्हणजे नंतरचा टी-मोबाइल, या संघाची वैद्यकीय जबाबदारी सांभाळणाऱ्या फ्रायबुर्ग विद्यापीठातील लोथार हाइन्रिख आणि अँड्रियास श्मिड या डॉक्टरांनी मे २००७ मध्ये, पूर्वी सायकलपटूंच्या डोपिंगमध्ये आपला सहभाग होता, अशी कबुली दिली. तो संघ त्याच हंगामात स्वच्छतेचा नवा कार्यक्रम घेऊन उभा राहिला होता. टूर चालू असतानाच त्यांच्या पाट्रिक झिंकेवित्स याच्या सरावकाळातील नमुन्यात टेस्टोस्टेरॉन आढळल्याचे जाहीर झाले, जर्मनीच्या दोन सार्वजनिक वाहिन्यांनी थेट प्रक्षेपण थांबवले आणि वर्षअखेरीस टी-मोबाइलने प्रायोजकत्व सोडले.

मोठी प्रकरणे उघडकीस कोणी आणली, हे पाहिले तर संघांच्या प्रयत्नांचे वजन आपोआप कळते. १९९८ चे फेस्टिना या संघाचे प्रकरण सीमेवरच्या सीमाशुल्क कर्मचाऱ्यांनी एका गाडीच्या झडतीतून बाहेर काढले, २००६ मधील फुएन्तेस या स्पॅनिश डॉक्टरकडच्या रक्तपिशव्या स्पॅनिश पोलिसांना सापडल्या आणि २०१९ चे रक्त-डोपिंगचे, म्हणजे खेळाडूचेच रक्त काढून ठेवून पुन्हा त्याच्या शरीरात घालण्याचे, जाळे ऑस्ट्रिया व जर्मनीच्या पोलिसांनी उघड केले.

अपवाद ज्या नियमाचा करतो, तो एमपीसीसी या २००७ मध्ये स्थापन झालेल्या सायकल संघांच्या संघटनेचा आहे. तिचे सदस्यत्व ऐच्छिक असून, सायकलपटूच्या रक्तातील कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी आढळल्यास (कॉर्टिसोनसारखी औषधे घेतल्याने ते घटते) त्याला किमान आठ दिवस विश्रांती देण्याचे बंधन सदस्य-संघ स्वीकारतात. येथे संघाला खरोखर काहीतरी गमवावे लागते. २०१४ च्या व्हुएल्टा या स्पेनमधील शर्यतीच्या तोंडावर लाम्प्रे संघाने ख्रिस हॉर्नरला, म्हणजे आदल्या वर्षीच्या विजेत्यालाच, याच कारणाने घरी ठेवले. औषधासाठी त्याच्याकडे वैद्यकीय परवानगी होती, म्हणजे अधिकृत नियमांनुसार तो शर्यतीत उतरू शकत होता. तरीही संघाने दिलेला शब्द पाळला, आणि त्याबद्दल मला आजही आदर वाटतो. पुढच्याच वर्षी टूरच्या आरंभी अस्तानाच्या लार्स बोमचे कॉर्टिसोल कमी भरले, बदली सायकलपटू घेण्याची परवानगी मिळाली नाही, तेव्हा अस्तानाने बोमला शर्यतीत उतरवले आणि तो संघ एमपीसीसीतून बाहेर पडला. यूसीआयने बोमला अडवले नाही, कारण यूसीआयच्या नियमांत तसे बंधनच नव्हते. शिवाय सदस्यत्व हे काही कवच नव्हे, कारण २०१९ मध्ये रक्त काढून ठेवल्याची कबुली देणारा गेओर्ग प्राइडलर हा ग्रुपामा-एफडीजे या सदस्य-संघाचाच सायकलपटू होता.

यूसीआयने २०२१ पासून चाचण्यांचे काम आयटीए या स्वतंत्र संस्थेकडे दिले, ही मला सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते. म्हणून ज्या प्रायोजकाला एखादा संघ आपला अंतर्गत कार्यक्रम दाखवील, त्याने प्रयोगशाळेचे नाव आणि चाचण्यांची संख्या विचारण्याआधी अहवाल प्रथम कोणाकडे जातो हे विचारावे, आणि तो संघ-व्यवस्थापनाबरोबर त्याच दिवशी आयटीएकडेही जाईल, असे कलम करारात घालून घ्यावे.