कार्पेट शॅम्पूवाले घरी बोलावले, तर्रीचा डाग आणि बाकी सगळं (नागपूर)

आधीच सांगून टाकते, मळ, धूळ, वास, पायाच्या वाटेवरची काळी पट्टी, या सगळ्यासाठी घरी येणारे मशीनवाले पैसे वसूल आहेत. पण हळदीच्या डागासाठी बोलावत असाल तर नका बोलावू, आपल्या नागपूरच्या उन्हाला एक पैसा लागत नाही. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तक्रार पण आहे आणि कौतुक पण आहे, आणि खरं म्हणजे तीन-चार जणांना फोन केले तेव्हा सगळ्यांचे रेट, सगळ्यांचं बोलणं एकाच साच्यातलं होतं, त्यामुळे तुम्ही कोणालाही बोलावलं तरी हे कामी येईल.

कार्पेट कुठलं ते आधी, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. पाच बाय सातचं, भदोहीचं, लोकरीचं, हँड टफ्टेड. म्हणजे गाठी मारलेलं नाही, मागून कापड रबराच्या गोंदाने चिकटवलेलं असतं ते. एक्झिबिशनमधून घेतलं होतं. डाग तर्रीचा. रविवारी सकाळी दीर आले, तर्री पोहे आणले, मॅच लागली होती, आणि प्लेट कार्पेटवर ठेवून "आऊट आहे बे आऊट आहे" करत उठले. वरची तेलकट लाल तर्री, चणे, सगळं क्रीम रंगाच्या भागावर. नेमकं क्रीम. तिकडे मरून बॉर्डर होती न, तिकडे नाही सांडणार ते.

लगेच केलं ते बरोबर केलं असं आता वाटतं. चणे चमच्याने उचलले, जुना पांढरा पंचा दाबून दाबून तेल टिपलं, घासलं अजिबात नाही, मग त्यावर कॉर्नफ्लोर पसरून रात्रभर ठेवलं. सकाळी कॉर्नफ्लोर नारिंगी ढेकळं झालेलं. व्हॅक्युमने ओढलं तर चिकटपणा जवळपास गेला होता, उरला तो पिवळा-केशरी तळहाताएवढा डाग. इथेच थांबून पुढचं घरी करता आलं असतं, पण दिवाळीच्या आधीपासून कार्पेट धुवायचं होतंच, म्हटलं एकात दोन कामं होतील.

रेट चौरस फुटाला वीस रुपये, पण हजाराच्या खाली येत नाहीत. आमचे सातशेच होत होते म्हणून डायनिंगच्या खुर्च्यांच्या गाद्या पण घातल्या. दोन पोरं आली, मनीष नगरला दहाची वेळ दिलेली, साडेअकराला पोचली, ते चालतं. एकाच्या तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचा), आणि तो मला कार्पेटवर डाग कसे पडतात ते समजावून सांगत होता, मी काय बोलू. पण काम मात्र मन लावून केलं हे मान्य करावं लागेल. आधी कोरडा व्हॅक्युम, चांगला वेळ लावून, उलट्या बाजूने पण. ही पायरी जे लोक गाळतात त्यांना दारातूनच परत पाठवा, कारण कोरडी धूळ न काढता पाणी मारलं की खाली चिखलच होतो. मग फेसाचा स्प्रे, गोल फिरणारा ब्रश, आणि शेवटी पाणी फवारून लगेच ओढून घेणारं मशीन. त्या मशीनच्या टाकीतलं पाणी पाहिलं तर नाग नदी. मी म्हणत होते की आमचं घर स्वच्छ आहे.

मग डाग. त्याच्याकडे एका बाटलीत "स्पेशल केमिकल" होतं, लेबल नाही. मी विचारलं काय आहे, तर "मॅडम, सब दाग का एकही है." तिथेच माझं डोकं ठणकलं. त्याने फवारलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पिवळा डाग लालभडक झाला. विटकरीसारखा. पोरगा घाबरला, "ये तो और बढ गया." सासूबाई दिवाणावर बसून सगळं बघून राहिल्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "कुंकू झालं न ते."

आणि अगदी तेच झालं होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तोच प्रकार. हळदीतला रंग अल्कलीत, म्हणजे क्षारात, लाल होतो. साबण, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, बहुतेक कार्पेट शॅम्पू, सगळेच अल्कलीवाले. म्हणून यूट्यूबवर जे हळदीच्या डागावर बेकिंग सोडा लावा सांगतात ना, त्यांना एकदा माझं कार्पेट दाखवावंसं वाटतं. घाबरायचं मात्र नाही, पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग, कापडाने टिपत गेलं की लाल परत पिवळं होतं. ते त्या पोराला मीच करून दाखवलं. त्याने मोबाईलवर व्हिडिओ काढला, आता तो पुढच्या गिऱ्हाईकाला सांगत असेल की कंपनीची टेक्निक आहे.

लोकर असेल तर अजून एक गोष्ट बघा. लोकरीला अल्कली मानवत नाही, एन्झाइमवाली कपड्यांची पावडर पण नको, कारण लोकर म्हणजे प्रोटीन आणि ते एन्झाइम प्रोटीनच खातं. क्लोरीनवाला ब्लीच तर बिलकुल नाही, लोकर पिवळी पडून विरून जाते. स्वेटर धुवायचं ईझीसारखं लिक्विड चालतं, ते पण थोडंसंच. आपलं कार्पेट लोकरीचं आहे की सिंथेटिक हे माहीत नसेल तर कडेचा एक दोरा उपटून गॅसवर जाळा: केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक. दुकानदार काय म्हणाला होता ते विसरा.

आता उन्हाचं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे आपल्याकडे लग्नाची हळद झालेल्या प्रत्येक घराला माहीत आहे, तिखटाचा लाल रंगसुद्धा उन्हात उडतो. पण लोकरीचा रंगही उडतो न! म्हणून जुनी चादर घेतली, डागाएवढं भोक कापलं, आणि कार्पेटवर अशी टाकली की फक्त डाग उघडा राहील. गच्चीवर खाटेवर पसरलं, तोंड वर. पाठ उन्हाकडे करायची नाही, मागचा रबराचा गोंद तापून तापून भुरभुरतो आणि मग कार्पेट झटकलं की पांढरी भुकटी पडत राहते. डाग हलकासा व्हिनेगरच्या पाण्याने ओला, दुपारी अकरा ते चार. पहिल्याच दिवशी फरक दिसला. आठवड्याभरात पिवळा गेला, आणि हे काही मेचं ऊन नव्हतं हां. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, टाकलं तर काय होईल विचार करा. २०१३ च्या मे मध्ये आपल्याकडे ४७ च्या वर पारा गेला होता, तेवढ्या उन्हात डाग काय, डाग पाडणारा पण उडून जाईल.

शेवटची जी अंधुक सावली राहिली होती तिला हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलवर मिळतं ते बहुतेक ६ टक्क्यांचं असतं, तेवढंच पाणी घालून ३ वर आणायचं, आधी सोफ्याखाली जाणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघायचं, मग कापसाने. गडद रंगाच्या कार्पेटवर हे करू नका.

परत मशीनवाल्यांवर येते, कारण मला खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. जाताना म्हणाले "चार-पाच घंटे में सूख जाएगा, कूलर चला दो." कूलर!! अहो कूलर हवेत ओलावा सोडतो, कार्पेट वाळणार कसं? नवऱ्याने ऐकलं आणि रात्रभर कूलर लावला, सकाळी हॉलमध्ये ओल्या कुत्र्याचा वास. पंखा फुल, खिडक्या उघड्या, खाली दोन-तीन खुर्च्या घालून कार्पेट उचलून ठेवलं तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी वाळलं. खालून हात लावून बघा, वरून कोरडं लागतं पण गोंदाच्या थरात पाणी बसलेलं असतं. कार्पेटच्या पाठीला ज्यूट असेल तर जास्त ओलं झाल्यावर वाळताना तपकिरी छटा वर चढते, आणि मग लोक म्हणतात जुना मळ वर आला, तो मळ नसतो, ज्यूटचाच रंग असतो. हे सगळं पावसाळ्यात करायचा विचार पण करू नका. कितीही ऑफर असू द्या.

तर बोलवायचं असेल तर फोनवरच विचारा की पाणी ओढणारं मशीन आहे का नुसता फेसाचा ब्रश आहे. नुसत्या फेसवाल्यांचा साबण आत राहतो, आणि तो चिकट साबण धूळ ओढतो, म्हणजे दोन महिन्यांत कार्पेट आधीपेक्षा काळं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं तसंच झालंय. केमिकलचं नाव विचारा, नाही सांगितलं तर डागाला हात लावू देऊ नका, बाकीचं धुवून घ्या. आणि "डाग गेला नाही तर पैसे परत" वगैरे जे बोलतात ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. मी मागितलं तर साहेबांचा फोनच आऊट ऑफ कव्हरेज गेला. शेवटी दोनशे कमी करून घेतले, तेही त्या पोरांनीच बोलून दिले, पोरं चांगली होती बिचारी.

हो, एक राहिलंच. जाताना ते सहाशे रुपयांत "प्रोटेक्शन कोटिंग" मारून देतो म्हणत होते, म्हणे तर्री सांडली तरी थेंब वरून घरंगळून जाईल. मी नाही घेतलं. नागपुरात कोणी लोकरीच्या कार्पेटवर मारून घेतलं असेल तर सांगा, पायाला चरचरीत लागतं का, आणि वर्षभर टिकलं का, कारण दीर येत्या रविवारी परत येऊन राहिले.