पीरियड सेटवर एलईडी फिलामेंट बल्ब: कुठे चालतात, कुठे फसवतात

स्टुडंट फिल्ममध्ये जुना काळ उभा करायचा म्हटलं की कपाट, घड्याळ, रेडिओ यांची जमवाजमव जोरात होते आणि बल्ब आठवतो सेट लागल्यावर. मग ‘व्हिंटेज’ म्हणून विकले जाणारे अंबर काचेचे एलईडी फिलामेंट बल्ब (आत तारेसारख्या दिसणाऱ्या एलईडी काड्या असलेले) येतात. पहिली तक्रार त्यांच्याबद्दलच. त्यांच्यातली लांबलचक वेटोळी तार ही सुरुवातीच्या कार्बन फिलामेंटची नक्कल. १९१० नंतर टंगस्टनची तार रुळली, १९२५ च्या सुमारास आतून दुधी केलेली काच आली. १९५० किंवा १९७० च्या घरात हा बल्ब लटकवला की ते आजचं कॅफे वाटतं. शिवाय अंबर काचेतून २००० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर-नारिंगी) आसपासचा प्रकाश येतो आणि चेहरे नारिंगी पडतात. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर रंग दुरुस्त करताना, ते सावरणं कठीण.

घ्यायचाच तर साध्या आकाराचा, दुधी काचेचा, २७०० केल्विनचा घ्या. ४७० ल्युमेन (उजेडाचं माप) म्हणजे जुन्या ४० वॉटच्या जवळपास, ८०६ म्हणजे ६० वॉट. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर हवा. ८० चा असेल तर लाल रंग मरतो, त्वचा निस्तेज दिसते. लाल कापड आणि तळहात खऱ्या टंगस्टन बल्बखाली आणि याच्याखाली, व्हाइट बॅलन्स तोच ठेवून, शूट करा. फरक लगेच कळतो.

फ्लिकर हा खरा घोळ. एवढ्याशा कॅपमध्ये चांगला ड्रायव्हर (एलईडीला स्थिर वीज पुरवणारं सर्किट) बसवायला जागा नसते, त्यामुळे स्वस्त बल्ब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० सेकंद ठेवलं तर सहसा निभावतं (सेकंदाला २४ फ्रेम असताना शटर अँगल १७२.८ अंश). ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०. स्लो मोशनमध्ये किंवा शटर आणखी जलद केल्यावर मात्र पट्टे सरकताना दिसू शकतात. छोट्या मॉनिटरवर ते सुटतात, म्हणून टेस्ट क्लिप मोठ्या स्क्रीनवर बघा.

डिमरवर हे बल्ब उघडे पडतात. टंगस्टन मंद होताना लालसर होत जातो. साधा एलईडी फक्त अंधुक होतो, रंग तोच. त्यातून जुन्या डिमरला ४-५ वॉटचा भार पुरत नाही, मग बल्ब थरथरतो किंवा खालच्या टोकाला एकदम विझतो. त्याच लाइनवर फ्रेमबाहेर एक ६० वॉटचा टंगस्टन जोडला की बहुतेकदा थरथर थांबते. पात्र दिवा मंद करतंय असा शॉट असेल तर सरळ खरा टंगस्टनच लावा.

जमेची बाजू म्हणजे उष्णता कमी. कागदी शेड करपत नाही आणि शेडच्या आत, कॅमेऱ्याच्या बाजूला, ०.६ एनडी जेलचा (रंग न बदलता उजेड कमी करणाऱ्या करड्या फिल्मचा) तुकडा लावता येतो. त्या बाजूचा उजेड दोन स्टॉप, म्हणजे पाव भागावर, उतरतो, भिंतीवरचा मात्र तसाच राहतो. ६० वॉटच्या टंगस्टनजवळ हेच जेल वितळेल.

होल्डर आधी तपासा: भारत-ब्रिटनमधल्या जुन्या घरात पिनवाला, अमेरिकेत आटेवाला. अडॅप्टर लावला की बल्ब लांबतो आणि शेडखाली डोकावतो. दिवसाच्या सीनमध्ये, दिवा बंद असताना, पारदर्शक काचेतल्या पिवळ्या एलईडी काड्या स्पष्ट दिसतात. तिथे उडालेला जुना बल्ब लावा. पेटायचं नसेल तर त्याच्याइतका अस्सल दुसरा नाही.