रुळांवरचा टॉवर की जुन्या इमारतीसमोरचा चौक? स्थानकालगत घर निवडताना

जुन्या रेल्वे स्थानकाच्या परिसराचा पुनर्विकास झाला, की तेथे घर शोधणाऱ्यापुढे साधारणपणे दोन पर्याय येतात. पहिल्या प्रकारात जुनी इमारत पाडून किंवा झाकून रुळांवर काँक्रीटचा विस्तीर्ण स्लॅब घालतात आणि त्यावर दुकाने, कार्यालये व निवासी टॉवर उभे करतात. दुसऱ्या प्रकारात जुनी इमारत जागेवर ठेवतात, तिच्यासमोर वर्षानुवर्षे होत गेलेली जोडबांधकामे काढून चौक मोकळा करतात आणि नवे बांधकाम मागच्या यार्डात, मालधक्क्याच्या जागेवर नेतात. मी दोन्ही प्रकारच्या परिसरांत भाड्याने राहिलो आहे आणि स्वतःचे घर घेताना दुसरा प्रकार निवडला. घराचे क्षेत्रफळ, सोयी, गाड्यांची वारंवारता या गोष्टी जो तो पाहतोच, म्हणून त्या येथे सोडून देतो.

पहिल्या पर्यायाची मोठी जमेची बाजू आधी मान्य केली पाहिजे. रूळ शहराचे दोन तुकडे करतात, आणि पिढ्यानपिढ्या त्या दोन बाजूंची घरे, दुकाने, भाडी, सगळेच वेगळे होत जाते. स्लॅबमुळे ही फूट सांधता येते. न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल १९१३ साली उघडले, तोवर तेथे वाफेच्या इंजिनांच्या जागी विजेच्या गाड्या आल्या होत्या. धुराचा प्रश्न मिटल्यामुळेच रूळ खाली झाकून त्यांच्या वर पार्क ॲव्हेन्यूच्या दुतर्फा इमारती उभारता आल्या. मात्र तेथे रूळ खाली गेले आणि रस्ते जमिनीच्या पातळीला राहिले, ही बाब महत्त्वाची आहे. पुढच्या काळात अनेक ठिकाणी रूळ होते तेथेच ठेवून माणसांनाच वर चढवले गेले, आणि माझा मुख्य आक्षेप नेमका याच उलटापालटीला आहे.

मी राहत होतो ते घर कागदोपत्री स्थानकापासून अगदी हाकेच्या अंतरावर होते. दिवसा ते खरेही होते: लिफ्टने पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या सपाट मजल्यावर, उतरायचे, दुकानांच्या मधून चालत जायचे, सरकत्या जिन्याने खाली आले की फलाट. पाऊस नाही, ऊन नाही, रस्ता ओलांडणे नाही. पण हा मार्ग दुकानांच्या संकुलातून जात होता आणि संकुल बंद होण्याची वेळ शेवटच्या गाडीच्या बरीच आधी होती. उशिरा परतणाऱ्याला शटर अर्धे खाली आलेले दिसे, आणि वाकून आत शिरू पाहणाऱ्याला रखवालदार अदबीने बाहेरची वाट दाखवी. बाहेरची वाट म्हणजे संपूर्ण स्लॅबला घातलेला वळसा. एका बाजूला खिडकी नसलेली लांबलचक भिंत, तिच्यातल्या जाळ्यांतून तोंडावर येणारी यंत्रांची गरम हवा, पुढे पार्किंगचा उतार जेथे पदपथ काहीही न सांगता संपतो, त्यानंतर मालाच्या गाड्यांचे प्रवेशद्वार, आणि मग टॉवरच्या मागच्या बाजूची लिफ्ट. सोबत सामान असेल, किंवा घरातले कोणी वयस्कर असेल, तर या वळशाचा अर्थ वेगळा सांगायला नको. वाटेत एकही उजेडाची खिडकी नाही, कोणाचे दार नाही. शहराच्या मध्यभागी असूनही तेवढ्या टप्प्यात आपण शहरात नसतो.

हा कोणा एका व्यवस्थापनाचा हलगर्जीपणा होता असे मला वाटत नाही. रस्ता सार्वजनिक असतो, म्हणून तो रात्रीही रस्ताच राहतो. संकुलातली वाट मालकाच्या परवानगीने खुली असते, म्हणून ती बंद होऊ शकते. पुनर्विकासाने रस्त्याच्या जागी अशी वाट आणली, की परिसराचा रात्रीचा नकाशा दिवसाच्या नकाशापेक्षा निराळा होतो. एरवी सोसण्यासारख्या अनेक गोष्टी तेथे होत्या. उंच इमारतीवर आदळलेला वारा खाली वळतो आणि पायथ्याशी जोर धरतो, त्यामुळे पोडियमवरची बाकडी बहुधा रिकामीच असत. स्लॅबखालून जाणाऱ्या गाडीचा आवाज येत नसे, पण जमिनीतून मंद थरथर जाणवे. या दोन्हींची सवय होते. वळशाची सवय मला झाली नाही.

जगातली उदाहरणे पाहिली, तरी पहिल्या मार्गाविषयी थोडे सावध व्हावे असे वाटते. न्यूयॉर्कचे १९१० साली उघडलेले पेन स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतले आणि त्याच्या जागी वर क्रीडागार, खाली प्रवासी अशी मांडणी झाली. त्या पाडकामाच्या संतापातून शहराने १९६५ मध्ये वारसा जतनाचा कायदा केला, आणि तो धरूनच ग्रँड सेंट्रलवरचा प्रस्तावित टॉवर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात अडला. पेनच्या प्रवाशांना उजेडाचे दालन पुन्हा मिळायला २०२१ साल उजाडले, आणि तेही रस्त्यापलीकडच्या जुन्या टपाल इमारतीत. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्थानकावर १९६० च्या दशकात असाच स्लॅब आला. २०१५ च्या नूतनीकरणाने वरच्या दालनात प्रकाश आणला, पण फलाट स्लॅबखालीच राहिले. एकदा घातलेला स्लॅब मागे घेणे जवळपास अशक्य असते.

दुसऱ्या पर्यायाचे चांगले उदाहरण म्हणून लंडनच्या किंग्ज क्रॉसकडे पाहता येईल. १८५२ सालच्या त्या इमारतीचा दर्शनी भाग म्हणजे विटांच्या दोन भव्य कमानी, मागच्या दोन छपरांचा आकार जसाच्या तसा पुढे दाखवणाऱ्या. १९७० च्या दशकात त्यांच्यापुढे तात्पुरते म्हणून ठेंगणे बांधकाम झाले आणि ते दशकानुदशके तसेच राहिले. २०१२ मध्ये नवे प्रवासी दालन पश्चिमेच्या बाजूला बांधले गेल्यावर पुढचे बांधकाम काढता आले आणि २०१३ साली तेथे चौक खुला झाला. मागे कोळसा व मालाच्या यार्डांची सुमारे ६७ एकर जमीन होती. धान्याच्या जुन्या कोठारात आता कला महाविद्यालय आहे. पण तेथील मागचे चौकही खासगी मालकीचे आहेत, तेव्हा मालकीचा प्रश्न या पर्यायातही पूर्ण सुटतो असे म्हणता येणार नाही. फरक इतकाच, की चौकाला शटर नसते.

इमारत वाचली म्हणजे क्षितिज वाचले, असेही समजू नये. टोकियो स्थानकाची १९१४ सालची लाल विटांची इमारत १९४५ च्या बॉम्बफेकीत घुमट आणि तिसरा मजला गमावून बसली होती. २०१२ मध्ये ती मूळ रूपात पूर्ण झाली. त्याचा खर्च उभा करण्यासाठी इमारतीचे न वापरलेले चटई क्षेत्र (तिच्यावर आणखी बांधण्याचा हक्क) आसपासच्या भूखंडांना विकले गेले, म्हणजे स्थानक ठेंगणे राहावे म्हणून शेजारी उंच झाले. मला हा सौदा एकंदरीत मान्य आहे, कारण उंची शेजारी गेली तरी स्थानकाचे दार पदपथाच्या पातळीलाच राहते. तरीही जुन्या घुमटामागे मोकळे आकाश हवे असणाऱ्याने शेजारच्या भूखंडांना काय मंजूर झाले आहे, ते आधी पाहावे.

माझ्या सध्याच्या घराबद्दल तक्रारी नाहीत असे नाही. गाडी रुळांचे सांधे ओलांडताना चाकांचा कर्कश आवाज येतो, रात्रीच्या उद्घोषणा खिडकी उघडी असेल तर स्वच्छ ऐकू येतात, वारसा नियमांमुळे खिडकीला दुहेरी काच बसवण्याची परवानगी मिळायला बराच काळ गेला, आणि चौकात फरशी भरपूर असली तरी झाडे कमी आहेत. रुळांपलीकडे जायला अजूनही भुयारी मार्गच आहे. दुरुस्तीची छोटी दुकाने आणि स्वस्त मुक्कामाच्या जागा येथूनही गेल्या. याबाबतीत दोन्ही पर्याय सारखेच निर्दय आहेत. पण शेवटच्या गाडीने उतरलो तरी कमानीतून सरळ पदपथावर येतो, दोन्ही बाजूंना रस्त्याकडे तोंड केलेली दारे असतात, आणि बॅगेची चाके जमीन न सोडता घरापर्यंत येतात.

ज्यांचे येणे-जाणे दिवसाउजेडी आटोपते, ज्यांना आवाजाचा त्रास होतो किंवा पावसात न भिजता फलाट गाठायचा आहे, त्यांना पहिला पर्याय कदाचित अधिक सोयीचा वाटेल, आणि त्यात गैर काही नाही. बाकीच्यांनी निर्णयापूर्वी एकदा शेवटच्या गाडीने उतरून त्या घराच्या दारापर्यंत चालून पाहावे. प्रकल्प अजून कागदावर असेल, तर माहितीपत्रकातले आकाशातून काढलेले चित्र बाजूला ठेवून इमारतीचा उभा छेद, म्हणजे ती वरून खाली कापल्यासारखी दाखवणारा आराखडा, मागावा. फलाट, पदपथ आणि घराची लिफ्ट कोणत्या पातळीवर आहेत ते त्यात दिसते. मधली वाट चोवीस तास खुली ठेवण्याची अट मंजुरीत लेखी आहे का, हेही तेव्हाच विचारावे.