द्राक्षाचा चेक वटला नाही, 4,17,150 रुपये बुडाले

बाहेरचा व्यापारी पहिल्या गाडीचे पैसे लगेच देतो, पुढच्या गाड्यांना चेक देतो आणि गायब होतो, हे आमच्या तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. तरी माझे पैसे गेले. 'एवढं कळत असून कसा फसला?' असं विचारणाऱ्यांनी आधी सगळं वाचावं.

माझी दीड एकर सुपर सोनाका जातीची द्राक्षबाग. त्या आठवड्यात गावात चार किलोच्या पेटीला 170 चालू होता, या व्यापाऱ्यानं 185 सांगितला. पंधरा रुपयांनी कुणाला संशय येतो? 250 म्हणाला असता तर बांधावरूनच परत लावला असता. दलाल शेजारच्या गावचा, आधीही त्याच्यामार्फत माल गेलेला आणि पैसे आलेले. इसार 25,000. पहिल्या गाडीला 600 पेट्या, 1,11,000 रुपये दुसऱ्या दिवशी खात्यावर. दुसरी गाडी 1,150 पेट्या, 2,12,750. तिसरी 1,240 पेट्या, 2,29,400. या दोन गाड्यांतून इसार वजा करून 4,17,150.

तिसरी गाडी भरत होती. पॅकिंगच्या टोळीचा मुकादम पाणी प्यायला शेडवर आला आणि हळूच म्हणाला, "आण्णा, शेठनं तुमचं दिलं काय? आमची मजुरी राहिलीया." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. पेट्या भरणाऱ्या बायकांची मजुरी जो ठेवतो, तो शेतकऱ्याला चार लाख देणार? गाडी तेव्हा निम्मीच भरली होती. मी दलालाला फोन लावला. "काय काळजी करू नगासा आण्णा, बँकेला सुट्टी आलीया, मंगळवारी पैसं पडतील." व्यापाऱ्यानं चेक तिथंच गाडीच्या बॉनेटवर लिहून दिला. चेकवर फर्मचं नाव एक, वजनाच्या चिठ्ठीवर दुसरंच. विचारलं तर म्हणे भावाची फर्म आहे. टोळीतल्या मजुरांशी आधी बोला, व्यापाऱ्याची खरी खबर त्यांच्याकडे असते.

आता लोक म्हणतात, तेव्हाच गाडी अडवायची. कशी अडवायची? आभाळ भरून आलेलं, अवकाळीचा इशारा, मण्यात साखर उतरलेली. एक सर आली की मणी तडकतात, मग फुकटही कोणी नेत नाही. बेदाणा करावा तर शेडवर जागा नाही. ऑक्टोबर छाटणीपासून औषधं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणीची मजुरी यात एकरी तीन लाखांवर घातलेले. सोसायटीचं पीक कर्ज वेळेत भरलं नाही तर बिनव्याजी सवलत जाते. ऊस चार दिवस उभा राहतो, द्राक्ष राहत नाही. हे या लोकांना पक्कं माहीत असतं, म्हणून ते नेमके त्याच आठवड्यात बांधावर येतात.

चेक परत आला, खात्यात शिल्लक नाही. फोन बंद, भाड्याच्या खोलीला कुलूप, घरमालकाकडे आधारची झेरॉक्ससुद्धा नाही. दलाल म्हणतो मीही फसलो. दलालाची हमी आधी कागदावर, सहीनिशी घ्या. तोंडी शब्दाला पुढं कोणी विचारत नाही.

पोलीस ठाण्यात चिठ्ठ्या उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत. "काका, माल तुम्ही खुशीनं दिला, चेक घेतला, हा दिवाणी मामला, कोर्टात जा." पुन्हा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो तर, "व्यापारी परराज्यातला, तिकडं तक्रार करा." का? माल माझ्या बागेतून उचलला, गुन्हा इथंच घडला. पैसे द्यायचेच नाहीत या इराद्यानं माल नेला तर ती फसवणूकच, भारतीय न्याय संहितेत त्यासाठी 318 कलम आहे. हे पोलिसांना मी सांगायचं?

बाजार समितीत तर खुर्ची द्यायलाही तयार नव्हते. "फळं-भाजीपाला 2016 ला नियमनमुक्त झाला, बांधावरच्या सौद्याशी आमचा संबंध नाही." शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून ती नियमनमुक्ती केली, म्हणजे माल बाजार समितीच्या नियमांतून मोकळा केला. माल कुठंही विका म्हणाले, पैसे बुडाल्यावर कुणाच्या दारात जायचं ते कुणी ठरवलंच नाही. दर हंगामाला 'व्यापाऱ्याची खात्री करूनच माल द्या' असं आवाहन छापून येतं. खात्री करायची कुठं? त्याची नोंद कुठल्या कार्यालयात असते, ते एकदा छापा की! समितीवाले पोलिसांना अर्ज द्यायला सांगतात, पोलीस कोर्टात पाठवतात, आणि तोवर तो माणूस दुसऱ्या तालुक्यात बागा बघत फिरतो.

या हेलपाट्यांत दिवस जातात आणि तेच महागात पडतं. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस, मग महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. चेक आपल्या खात्यात भरला असेल तर ती आपल्या बँक शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात होते, परराज्यात जावं लागत नाही. माझी नोटीस मुदतीत गेली, ती वकिलामुळं. ठाण्याच्या भरवशावर बसलो असतो तर तेही गेलं असतं. आणि चेक घेऊच नका. पैसे खात्यावर दिसल्याशिवाय गाडीचं चाक हलू देऊ नका. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो काढा, माझ्याकडे फक्त नंबर आहे.

याच माणसानं मिरज पूर्व भागातही माल उचललाय असं कळतंय. त्याचा चेक ज्यांच्याकडे असेल त्यांनी बँकेचा मेमो, वजनाच्या चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज काहीही टाकून देऊ नका. एकेकट्याला दारातूनच परत लावतात. आम्ही गावातले चौघं मिळून आता जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज देतोय, आणि पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठणार नाही.